चित्रातले घर आणि प्रत्यक्षातली सावली

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर रायपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर नवी राजधानी आकाराला आली. २०१२ मध्ये मंत्रालय तेथे हलले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. अशा आखीव शहरात इमारत आधी चित्रात दिसते आणि नंतर जमिनीवर. घर घेणारे कुटुंबही अनेकदा चित्र पाहूनच पहिला हप्ता भरते. त्यामुळे ही चित्रे कशी तयार होतात, हा आता केवळ वास्तुविशारदांचा विषय राहिलेला नाही.

स्केचअप किंवा थ्रीडीएस मॅक्ससारख्या संगणक प्रणालीत इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती रचली जाते. तिच्यावर प्रकाश, सावली, काचेतील प्रतिबिंब आणि भिंतींचा पोत चढवून छायाचित्रासारखे चित्र तयार करणे, म्हणजे रेंडरिंग. प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या या गणिताला टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये, तर जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये दिशा दिली. व्ही-रे, लुमियन, एन्स्केप या प्रणालींमुळे हे काम आता लहान कार्यालयांतही होते.

स्थळ, तारीख आणि वेळ दिल्यास अशा प्रणालींत सूर्याची नेमकी जागा ठरवता येते. रायपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनला दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि सावली नाममात्र उरते. २१ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवरच असतो. त्या वेळी बारा मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेकडे साधारण बारा मीटर पडते. मागचे अंगण उन्हाला मुकणार की नाही, हे पाया खणण्यापूर्वीच कळू शकते.

विक्रीच्या चित्रात मात्र अनेकदा प्रसन्न सकाळ किंवा सायंकाळ निवडली जाते. रोपट्याच्या जागी डेरेदार वृक्ष उभा असतो आणि रुंद कोनातून लहान खोलीही प्रशस्त भासते. हा दोष साधनाचा नाही, निवडीचा आहे.

स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास रक्कम व्याजासह परत मिळण्याची तरतूदही आहे. परंतु हा उपाय नुकसान झाल्यानंतरचा आहे. प्रत्येक चित्राखाली दिशा, तारीख आणि वेळ छापणे बंधनकारक केल्यास पुष्कळसे वाद आधीच टळतील. तोपर्यंत ग्राहकाने एक साधी मागणी करावी : याच घराचे मे महिन्यातील दुपारी चार वाजताचे चित्र दाखवा.