शिवारातले शेजारी : वाळक्या फांदीचा मालक

सुतारपक्षी म्हटला की आपल्याला सोनपाठी सुतार आठवतो. लाल तुरा, सोनेरी पाठ आणि या झाडावरून त्या झाडावर जाताना सगळं रान डोक्यावर घेणारा आवाज. त्याच घराण्यातलं धाकटं पोर, बुटका सुतार, मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. सगळं मिळून जेमतेम 13 सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, आणि वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. तपकिरी टोपी, काळपट पाठीवर पांढरे पट्टे. नराच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना बारीक लाल रेघ असते, पण ती दिसायला नशीब लागतं.

या पठ्ठ्याची हुशारी वजनातच आहे. मोठे सुतार खोडाला चिकटून राहतात. हा शेंड्याकडच्या काडीएवढ्या फांद्यांवर, वेळ पडली तर उलटा लटकून, अळ्या आणि मुंग्या टिपतो. तिथं त्याला वाटेकरी नाही. जोडीला बारीक फळं, फुलांतला मध. पुष्कळदा तो इतर छोट्या पाखरांच्या टोळीत मिसळून हिंडतो, म्हणून नजरेतून सुटतो. विरळ पानगळीची रानं, झुडपी माळ, आमराया हे त्याचं घर. आपल्या मुरूम-उमरगा भागातल्या बाभळी-बोरींत त्याच्यापेक्षा थोराड भाऊबंद भेटण्याची शक्यता अधिक: पिवळ्या माथ्याचा मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावात पक्षिशास्त्रज्ञ लॅथमने 1801 साली आपला मुलूखच घातला आहे.

  

या बुटक्या सुताराची खरी अडचण घराची आहे. इवल्या चोचीला हिरवं, कडक लाकूड पेलत नाही. त्याला मेलेली, आतून मऊ झालेली फांदीच हवी. तीत तो जेमतेम दीड इंचाचं भोक पाडतो आणि मादी तीन-चार पांढरी अंडी घालते. हे चालतं फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे आपण बांध साफ करतो नेमक्या त्याच दिवसांत.

अशा वाळक्या फांद्यांची मोळी विकून चूल पेटवणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. राग येतो तो आपल्या हिशेबाचा. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडं लावण्याचं ठरवलं. रोपं मोजली, फोटो निघाले. जुनं, अर्धं वाळलेलं झाड मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते 'वठलेलं' ठरतं आणि आरागिरणीत जातं. नव्या रोपाची फांदी वाळून पोकळ व्हायला एक पिढी जाते, तोवर या पाखरानं राहायचं कुठं?

तेव्हा मुरूमच्या शेतकरी बंधूंनो, यंदा बांधावरचा लिंब छाटाल तेव्हा एक वाळकी फांदी जुलै सरेपर्यंत तशीच राहू द्या.