थोडं थोडं करंट!

शनिवारची सकाळ, डोक्यावर डेडलाइन. घाईघाईत आंघोळीला गेले, गीझरच्या नळाला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या! रूममेट शांतपणे म्हणाली, "अगं, मलापण कालपासून लागतंय थोडं थोडं." थोडं थोडं! ही बाई बँकेत रिस्क मॅनेजमेंट बघते, बरं का.

दादरमधली आमची बिल्डिंग जुनी. जुलै लागला की बाथरूमच्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात. वायरमन काकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला, वायर जराशी वाकवली, तर वरचं कव्हर पापडासारखं तुटलं. "ताई, हे उन्हाळ्याचं काम. पाऊस नुसतं निमित्त."

मला कळलं ते असं. ड्रेनेजचा कडक पाइप आणि वायरचं कव्हर, दोन्ही पीव्हीसीच. वायर मऊ राहते ती त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. त्यावर सतत तापली की हा मऊपणा उडून जातो. दर १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट! मेमध्ये रात्रभर एसी, सकाळी इस्त्री, सगळं त्याच जुन्या बारीक वायरवर. म्हणजे वायर आम्हीच भाजली. मग पावसाळ्यात त्या भेगांत ओल शिरते आणि करंटला बाहेर पडायला वाट मिळते.

काकांनी ५०० व्होल्टचा मेगर लावला. निदान १ मेगाओम हवा. आमचा काटा शून्याजवळच. अर्थिंग तर नावापुरतं. मग एमसीबी का नाही पडला? कारण तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणसाचा जीव घेणारी गळती त्याच्या गावीही नसते! त्यासाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी लागतो. एका बऱ्या सँडलच्या पैशात आला. बसवला आणि गीझर लावताक्षणी पडला. घरमालकांना फोनवर तो 'खट्' ऐकवला. ते म्हणाले, "मग गीझर लावू नका ना!"

वायरिंग बदलायचं तर भिंती फोडाव्या लागतील, खर्च डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. भांडण चालू आहे. तोवर पाणी गॅसवर तापतं, आणि पातेलं जड आहे अशी रूममेटची रोजची कुरकुर.