उद्या कुठली तबकडी भाव खाईल?

तबकड्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या रेकॉर्ड सीडींपेक्षा जास्त संख्येने खपल्या, आणि असे १९८७ नंतर पहिल्यांदाच घडले. त्याची झुळूक आपल्याकडेही आली आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने खोके पडून होते ते आता खाली उतरवून पुसायला लागले आहेत, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय? पुढे कशाला किंमत येईल?"

प्रश्न साधा वाटतो, पण यात भल्याभल्यांचे अंदाज चुकलेले आहेत. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ठरावीक नावेच ऐकायला मिळतात. 'शोले' ठेवा, लताबाई ठेवा, बीटल्स ठेवा, बाकीचे भंगारवाल्याला द्या. माझे मत नेमके उलटे आहे. 'शोले' खुशाल द्या. त्या 'बाकीच्या'मध्ये काय आहे ते आधी बघा.

साधा हिशेब आहे. १९७५ साली 'शोले' आला आणि पॉलिडॉरने त्यातल्या संवादांची तबकडी काढली. ती लग्नात वाजली, गणपतीत वाजली, हॉटेलात वाजली. अमाप खपली. आता जी वस्तू लाखांनी छापली गेली ती दुर्मिळ होणार कशी? कोरी करकरीत, एकही ओरखडा नसलेली प्रत मिळाली तर गोष्ट वेगळी, कारण वाजवून वाजवून लोकांनी त्यांची चाळण केली होती. 'गीतरामायण'चेही तेच. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते गाजले आणि पुढे त्याच्या तबकड्या मराठी घराघरांत गेल्या. त्या जिव्हाळ्यापोटी जपाव्यात, जरूर जपाव्यात. पण संग्राहक त्यासाठी दारात रांग लावतील असे समजू नये.

मग संग्राहक कशाच्या मागे लागतात? एक खरी गोष्ट सांगतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग नावाचे वादक होते. १९८२ साली त्यांनी परदेशातून आणलेली रोलंड कंपनीची तीन यंत्रे जोडून भैरव, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने ती एलपी काढली. कोणी फारशी घेतली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ती थट्टा वाटली असणार आणि डिस्कोवर नाचणाऱ्यांना रागाशी कर्तव्य नव्हते. विषय संपला.

पुढची गंमत बघा. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या काही तरुणांनी त्याच तीन यंत्रांपैकी एक, टीबी-३०३, हाताशी धरून एक नवा नाचाचा प्रकार जन्माला घातला. त्याला 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणू लागले. युरोपात त्याने धुमाकूळ घातला. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंग यांची ती जुनी एलपी मिळाली. घरी नेऊन त्याने सुई टेकवली आणि थक्क झाला, कारण शिकागोतला आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच वाजून गेला होता! २०१० मध्ये ती तबकडी युरोपात पुन्हा निघाली, सत्तरी गाठलेल्या सिंगसाहेबांना तिकडे कार्यक्रमांची आमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले. मूळ १९८२ची प्रत आज संग्राहक शोधत फिरतात.

म्हणजे १९८२ साली दुकानात उभे राहून कोणी ज्योतिषी जरी तिथे आला असता तरी त्याला काय सांगता आले असते? त्या तबकडीला किंमत दिली ती नंतर आलेल्या संगीताने. जुन्या रेकॉर्डचे भविष्य त्या रेकॉर्डमध्ये नसतेच, ते पुढच्या पिढीच्या कानात असते. आनंद शंकर यांच्या १९७५च्या एलपीचेही असेच झाले. १९९०च्या दशकात लंडनचे डीजे सतार आणि ढोल यांच्यावर नाचणारी गर्दी जमवू लागले, तेव्हा तिला मागणी आली. कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांनी कॅनडात ध्वनिमुद्रित केलेली 'डिस्को जॅझ' ही १९८२चीच एलपी. तीही पडली, इंटरनेटवर नव्या पिढीने ती डोक्यावर घेतली आणि २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापली गेली.

दुसरा नियम म्हणाल तर असा, की कालबाह्य झालेली वस्तूच पुढे दुर्मिळ होते. बीटल्सचे उदाहरण घ्या. पाश्चात्त्य देशांत ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या १९६०च्या सुमाराला बंद पडल्या होत्या. आपल्याकडे मात्र किल्ली देऊन चालवायचे ग्रामोफोन अजून घरांत होते, वीज सगळीकडे पोचलेली नव्हती. म्हणून डमडमच्या कारखान्यात १९६५ पर्यंत बीटल्सची गाणी ७८च्या तबकड्यांवर निघत होती. तेव्हा ती गरिबाची सोय होती. आज जगभरचे बीटल्सवेडे त्या भारतीय तबकड्यांसाठी जीव टाकतात, कारण तसली वस्तू त्यांच्या देशात निघालीच नाही.

आणि तिसरा नियम. जी वस्तू जपून ठेवण्यासाठीच काढली जाते ती कधी दुर्मिळ होत नाही. हल्ली रंगीत विनाइल, क्रमांक घातलेल्या प्रती, एकाच अल्बमची चार वेगवेगळी कव्हरे असा धंदा जोरात आहे. टेलर स्विफ्टच्या २०२२च्या 'मिडनाइट्स'ची चार कव्हरे जोडली की त्यांचे घड्याळ होते, म्हणून चाहत्यांनी चारही घेतली. छान आहे, हौसेला मोल नसते. पण प्रत्येकाने ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात जपली आहे. पन्नास वर्षांनी बाजारात सगळ्याच प्रती कोऱ्या असतील तर कोणाच्या प्रतीला काय भाव येणार? याउलट न्यूयॉर्कमध्ये २००२ साली रस्त्यावरच्या जुन्या बाजारात एकाने पाऊण डॉलरला घेतलेली एक साधी चाचणीची तबकडी व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची निघाली आणि २००६ मध्ये पंचवीस हजार डॉलरांवर गेली. ती जपण्यासाठी कोणी केली नव्हती. ती हरवण्यातून वाचली, इतकेच.

हे सगळे ध्यानात घेऊन आता मी माझे अंदाज सांगतो. परदेशाचे नको, आपल्या आसपासचे.

पहिला अंदाज कोकणी ईपींचा. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या ४५ गतीच्या छोट्या तबकड्या गोव्यातल्या आणि मुंबईतल्या गोंयकारांनी लग्नांत, फेस्तांत वाजवून झिजवल्या. क्रिस पेरी २००२ साली गेले. २०१४ साली 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट आला आणि ज्यांचा जन्म कॅसेटच्या जमान्यातला, त्या मुलांना ही गाणी नव्याने भेटली. त्या वाद्यवृंदातला जॅझ अस्सल आहे, भाषा लहान आहे, प्रती मोजक्या आहेत, आणि आमचा पाऊस तर ठाऊकच आहे. चार महिने दमट हवेत पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी धरते. विनाइल टिकते, कव्हर जाते. तेव्हा मूळ कव्हरासकट, स्वच्छ वाजणारी कोकणी ईपी हाती असेल तर ती कोणाला चहाच्या मोबदल्यात देऊ नका. आल्फ्रेड रोज आणि इतर तियात्रिस्तांच्या कांतारांचेही तेच.

दुसरा अंदाज नटांवरून न ठरणाऱ्या हिंदी रेकॉर्डींचा. आजवर हिंदी चित्रपटांच्या तबकड्या नट, गायक आणि संगीतकार यांच्या नावांवर विकल्या गेल्या. वाद्यमेळ बांधणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावे लेबलवर बहुधा नसतच. त्यांत गोव्याची माणसे किती! सबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. शेवटच्या नावावर सगळा देश १९७७ मध्ये नाचला, पण हे नाव प्यारेलालजींच्या खऱ्याखुऱ्या गुरुजींचे आहे हे कितीजणांना माहीत होते? २००८ साली ग्रेगरी बूथ यांचे आणि त्यानंतर नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' अशी पुस्तके आली आणि ही माणसे पडद्यामागून पुढे आली. माहिती आली की मागणी येते. पुढचा संग्राहक "हिरो कोण?" असे विचारणार नाही, "ट्रम्पेट कोणाचा?" असे विचारील. पडलेल्या चित्रपटांच्या, कोणी नाव न घेतलेल्या तबकड्या तेव्हा वर येतील.

तिसरा अंदाज, जे डिजिटल झाले नाही त्याचा. कंपन्यांनी खपणारे तेवढे सीडीवर आणि मग इंटरनेटवर आणले. पोवाडे, नाट्यप्रवेश, मुलांची गाणी, लहान गावच्या गायकांनी गायलेली भजने, यांतले बरेच तसेच राहिले. त्यांचा आवाज आता फक्त त्या तबकडीतच आहे. बेळगावच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या मराठी घरांतून असे खोके अजून निघू शकतात. तिथे नाट्यपदांशेजारी कानडी, हिंदी, गुजराती तबकड्या गुण्यागोविंदाने नांदत असतील. आमच्या गोव्यात मराठी-कोकणीवरून केवढी भांडणे झाली, पण रेकॉर्डींच्या पेटीत मास्टर दीनानाथ आणि कोकणी कांतारां एकमेकांना टेकूनच उभी असत.

आता मुद्द्याचे. हे अंदाज खरे ठरले तर फायदा कोणाचा? आज तरी आपला नाही. चरणजित सिंग आपल्याला डच माणसाने दाखवले, आनंद शंकरांची एलपी लंडनच्या डीजेंनी. माल आपल्या माळ्यावर आणि पारख दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार आहे. एखादा व्यापारी येतो, अख्खा खोका किलोच्या भावाने उचलतो. पैसे कमी मिळाले याचे मला फारसे दुःख नाही. तबकडी घरातून गेली की तिच्याबरोबर ती कोणी आणली, कुठल्या जत्रेत वाजली, त्यातला व्हायोलिन वाजवणारा कोणाचा काका होता, हे सगळे जाते. ते जगातला कुठलाही संग्राहक पैसे मोजून परत आणू शकत नाही.

या संदर्भात मला केसरबाईंची गोष्ट फार बोलकी वाटते. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचे संगीत पाठवायचे ठरवले, तेव्हा भारतातून त्यांची एक भैरवी निवडली गेली. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना! ती शोधायला निघालेल्या अ‍ॅन ड्रुयन यांना अखेर ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात सापडली, टेबलाखालच्या धुळीने माखलेल्या खोक्यात. तीन प्रती, तिन्ही न उघडलेल्या. तिथून ती भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली आणि अंतराळात गेली. दुसरे व्हॉयेजर १९७७च्या ऑगस्टमध्ये सुटले, पहिले ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दुकानदाराने तो खोका महिनाभर आधी फेकला असता तर? आणि मुख्य म्हणजे, ज्याने त्या गाण्याचे नाव सुचवले त्या अभ्यासकाला ते माहीतच नसते तर?

सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला हा पेच नवा नाही. कुठली फाईल कायम ठेवायची आणि कुठली ठरावीक वर्षांनी नष्ट करायची हे आम्ही रोज कागदावर ठरवत असतो, आणि पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक येऊन नेमकी नष्ट केलेलीच मागतो. तिथे निदान नोंदवही असते. काय होते एवढे तरी कळते. घरातल्या तबकड्यांची तेवढीही नोंद नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. खोका उघडलाच आहे तर आधी तबकड्या उभ्या लावा, एकावर एक रचू नका, आणि उन्हापासून दूर ठेवा. मग एक वही घ्या. लेबलवरचा क्रमांक, कंपनी, गायक, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मिळेल ती माहिती लिहा. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी हेच काम हौसेने केले. ग्रंथालयांनीही पुस्तकांइतक्याच आस्थेने तबकड्या स्वीकाराव्यात, त्या ऐकण्याची सोय करावी. एवढे झाल्यावर विकायच्या असतील तर अवश्य विका. फक्त प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी घालून द्या. पुढे ती तबकडी भाव खाईल की नाही, हे पुढची पिढी बघून घेईल. पण तिच्यात कोण गात आहे आणि मागे कोण वाजवत आहे, हे सांगणारे आज आपणच आहोत.