जनुके, आकडे आणि सोयरीक

वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकरूप जुळ्यांच्या बुद्ध्यंकांतील सहसंबंध ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सर सिरिल बर्ट यांनी ०.७७१ असा नोंदविला होता. पुढे जोड्यांची संख्या २१ वरून ५३ वर गेली, तरी आकडा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत हलला नाही! १९७४ मध्ये लिऑन कामिन यांनी ही विसंगती चव्हाट्यावर मांडली. ती लबाडी होती की गलथानपणा, हा वाद पुरता मिटलेला नाही. पण ते आकडे विश्वासार्ह उरले नाहीत.

आजचे संख्याशास्त्र बर्ट यांच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. दोन गुणांमागील जनुकीय प्रभाव किती सामाईक आहेत, हे २०१५ पासून रूढ झालेल्या पद्धतीने केवळ प्रसिद्ध गोषवाऱ्यांवरून काढता येते. छिन्नमनस्कता आणि द्विध्रुवी विकार यांची जनुकीय मुळे बरीचशी एकच आहेत, हे अशा अभ्यासांनी दाखविले, आणि मनोविकारांच्या वर्गीकरणाचा फेरविचार त्यामुळे भाग पडला. याचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

अडचण येते ती हेच गणित शिक्षण व उत्पन्न यांना लावताना. समजा, उंच माणसे अधिक शिकलेल्यांशी विवाह करू लागली. त्यांच्या मुलांत उंचीची आणि शिक्षणाशी निगडित अशी दोन्ही जनुके एकत्र येतील, आणि शरीरात काहीही नाते नसताना गणितात नाते दिसेल. असे जोडीनिवडीचे परिणाम अनेक जनुकीय सहसंबंध फुगवितात, असे २०२२ मध्ये ‘सायन्स’मधील संशोधनाने दाखविले. म्हणजे ज्याला निसर्गाचा कौल म्हटले जाते, त्यात वर्गाच्या सोयरिकीचाही हात असतो. जातीबाहेर सोयरीक सहसा न करणाऱ्या भारतीय समाजाला हे वेगळे सांगावयास नको.

त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास तीस लाख व्यक्तींचा होता. त्यातील जनुकीय गुणांक शिक्षणातील तफावतीपैकी १२ ते १६ टक्के भाग सांगतो. मात्र आईवडिलांचे गुणांक हिशेबात घेतल्यावर त्याचा प्रभाव निम्म्यावर येतो. इतक्या निसरड्या आकड्यांच्या आधारे अमेरिकेत काही कंपन्या पैसे मोजणाऱ्या दांपत्यांना भ्रूणांची प्रतवारी करून देऊ लागल्या आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा प्रत्येक अभ्यासाने सख्ख्या भावंडांच्या तुलनेतून निघणारा आकडाही सोबत छापलाच पाहिजे, ही अट घालण्यास कोणत्याही सरकारला नवी प्रयोगशाळा उभारावी लागत नाही.