पियानो घरातला, परीक्षा कानांची

लखनौ शहराचे संगीतऋण पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या नावाशी जोडलेले आहे. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. मुखोद्गत बंदिशी त्यांनी स्वरलिपीत बांधल्या आणि गुरू समोर नसतानाही विद्यार्थ्याला घरी आपला पाठ ताडून पाहता येऊ लागला. त्याच शहरात आज पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकणाऱ्यापुढे प्रश्न आहे तोही घरच्या रियाजाचाच.

मे महिन्याची कोरडी लू आणि पाठोपाठ येणारी दमट हवा लाकडी पियानोला मानवत नाही. स्वर उतरतात, ते वारंवार जुळवून घ्यावे लागतात. शिवाय भिंतीपलीकडे शेजारी असतात! डिजिटल पियानोला या अडचणी नाहीत. तरीही अनेक जाणकार त्याला नकली वाद्य म्हणून नाक मुरडतात. हा आक्षेप न्याय्य नाही. अठराव्या शतकात जर्मनीत घरगुती सरावासाठी क्लॅव्हिकॉर्ड असे. त्याचा नाद खोलीबाहेर जेमतेम पोहोचे, पण त्यावर बोटांना वळण लागे. बाखने १७२३ मध्ये सिद्ध केलेल्या इन्व्हेन्शन्स अशाच घरगुती अभ्यासाच्या रचना आहेत. मात्र वाद्याला ८८ वजनदार पट्ट्या हव्यात. हलक्या पट्ट्यांवर सवयलेली बोटे खऱ्या पियानोवर अडखळतात.

खरा धोका ध्वनिमुद्रणात आहे. पट्टी किती वेगाने खाली गेली हे यंत्र मोजते आणि मिडी पद्धतीत तो आघात १ ते १२७ अशा अंकात नोंदवते. म्हणजे मुद्रित होतो तो नाद नव्हे, केवळ हिशेब; आणि हिशेबात खाडाखोड करता येते. चुकलेला स्वर संगणकावर सरकवला की वादन निर्दोष भासते, बोट मात्र चुकीचेच राहते. अशा मुद्रणापेक्षा साध्या मोबाइलवर एका दमात केलेले, चुकांसह जपलेले मुद्रण अधिक उपयोगी. दिनांक घालून ठेवलेले असे मुद्रण महिन्याभराने ऐकले की लय कोठे पळते, डावा हात कोठे उजव्याला झाकतो, हे शिक्षकाने न सांगताही उमगते.

लंडनच्या एबीआरएसएम मंडळाने २०२० पासून सुरू केलेल्या वादनपरीक्षेत विद्यार्थी स्वतःच मुद्रित केलेली चित्रफीत पाठवतो. नियम कडक आहे: चार रचना सलग, मध्ये कापाकापी नाही. तीन उत्तम झाल्या, चौथीत बोट घसरले आणि ते मनाला पटले नाही, तर पुन्हा पहिलीपासून.