नोंद झाली, तोड कधी?

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या माणसाला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. समर्थ सहकारी साखर कारखान्याची ही वसाहत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे वाट पाहणेही आले. लागण करायची, गट ऑफिसात नोंद द्यायची आणि मग टोळी कधी येते म्हणून स्लीपबॉयच्या मोटारसायकलीकडे कान लावून बसायचे. २०२२ साली तर मे महिना उलटला तरी मराठवाड्यात कितीतरी फड उभे होते. तुरे फुटलेला, आतून पोकळ पडत चाललेला ऊस ज्याने पाहिला आहे, त्याला पुढची हकीकत लवकर कळेल.

तिथल्याच एका घरी आम्ही बसलो होतो. घरच्या बाई चहा पुढे करत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारते. थोरल्याचा अर्ज आस्ट्रेलियाला जाऊन आठ महिने झाले. आडसाली ऊस म्हटला तरी सोळा-अठरा महिन्यांत तुटतो. हे पीक किती महिन्यांचं असतंय?"

आम्हाला हसू आले, पण त्या हसल्या नाहीत. थोरला पुण्यात इंजिनिअर, वय बत्तीस. परतूरकडचे एक चांगले स्थळ त्याने दोनदा परत पाठवलेले. कारण विचारले की एकच उत्तर, "निकाल लागू दे." धाकटा शेती पाहतो. थोरल्याचे झाल्याशिवाय त्याचे कसे करायचे, म्हणून तोही थांबलेला. आणि इकडे वडिलांनी कालव्याखालच्या दोन एकरांना गिऱ्हाईक पाहून ठेवलेले. फी भरायला एकरकमी पैसा लागेल, वेळेवर धावपळ नको, म्हणून येत्या आठवड्यात इसार घ्यायचा होता. लग्ने दोन अडली होती आणि जमीन मात्र निघाली होती.

आम्ही तिथूनच थोरल्याला फोन लावला. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगायचं तर अर्ज अजून गेलाच नाही. इच्छा नोंदवलीय फक्त."

वाचकहो, इथेच सगळी मेख आहे. ऑस्ट्रेलियात कसबी माणूस म्हणून कायमचे राहायला जायचे तर एकामागून एक दारे लागतात. पहिले दार कसब तपासण्याचे. तुमची पदवी आणि अनुभव त्यांच्या मोजमापात बसतो की नाही, हे त्या त्या धंद्याची तिकडची संस्था तपासते. त्याबरोबर इंग्रजीची परीक्षा. ही दोन्ही कागदपत्रे हाती आली की सरकारच्या संगणकावर आपली इच्छा नोंदवायची. तिला फी नाही, आणि ती दोन वर्षे जिवंत राहते. त्यातून सरकार वेळोवेळी माणसे निवडते आणि बोलावणे धाडते. बोलावणे आले की साठ दिवसांच्या आत खरा अर्ज करायचा. पैसे तेव्हा भरायचे. डॉक्टरची तपासणी आणि पोलिसांचा दाखला हेही त्याच टप्प्यावरचे, आणि दोन्ही साधारण वर्षभरच चालतात. म्हणजे फार आधी काढून ठेवले तर शिळे होतात.

फी थोडी नाही. २०२५ च्या जुलैपासून मुख्य अर्जदाराला ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर पडू लागले, म्हणजे आपले पावणेतीन लाखांच्या आसपास. बायकोची त्याच्या निम्मी. अर्ज नामंजूर झाला तर ही रक्कम सहसा परत येत नाही. पण आपल्या या पोराला अजून एक पैसाही भरायचा नव्हता. वडील जमीन काढायला निघाले होते ते ज्या फीसाठी, ती मागायला अजून कोणी आलेच नव्हते.

दुसरी गोष्ट पाळीची. बाईंच्या मनात कारखान्याची नोंदवही होती. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. (निदान तशी अपेक्षा असते; मधे कोणाकोणाचे फड कसे तुटतात ते तुम्ही जाणताच.) ऑस्ट्रेलियाचे तसे नाही. तिथे गुण मोजतात. समजा कारखान्याने ठरवले की नोंद कधीची का असेना, ज्याच्या उसाचा साखर उतारा जास्त त्याच्या फडात टोळी आधी, तर जे होईल ते तिथे होते. नोंदीची तारीख पाहतात ती गुण सारखे असतील तेव्हा. शिवाय त्यांना कोणत्या धंद्याची माणसे हवी आहेत, हेही आडवे येते. म्हणून आठ महिने थांबलो, आता पाळी जवळ आली असेल, हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

आणि गुणही स्थिर राहत नाहीत. वयाचे गुण पंचविशी ते बत्तिशीपर्यंत ३०. तेहेतीस पूर्ण झाली की २५. चाळिशीला १५. पंचेचाळीस पूर्ण झाली की दार बंद. वय मोजतात ते बोलावणे येते त्या दिवशीचे. आपल्या थोरल्याचे गुण असे होते: वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, पाच वर्षांवरच्या अनुभवाचे १०, आणि अविवाहित असल्याचे १०. एकूण ७५. किमान ६५ लागतात, पण किमान गुण म्हणजे नुसते रांगेत उभे राहायची परवानगी.

अविवाहित असल्याचे १० ऐकले आणि बाईंनी पदर तोंडाला लावला. पोराने लग्न का टाळले ते आता कळले. घरी सांगायची त्याला लाज वाटली असेल. लग्न केले आणि बायकोला पुरेसे इंग्रजी नसेल तर हे दहाच्या दहा जातात. तिने इंग्रजीची परीक्षा ठरल्या पायरीपर्यंत दिली तर ५ राहतात. ती स्वतःही त्यांच्या यादीतल्या कसबाची असेल आणि तिचे कसब तपासून घेतले तर पूर्ण १० राहतात. परतूरच्या मुलीचे नर्सिंग झाले होते! नर्स तर त्यांना हवीच असते. पण "निकाल लागू दे" या तीन शब्दांमुळे हे कोणी विचारलेच नव्हते.

शिवाय निकाल लागल्यावर लग्न केले तर नव्या नवरीला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याची फी या फीपेक्षाही बरीच मोठी आहे. अर्ज चालू असताना लग्न झाले तर तसे कळवून तिचे नाव त्यातच घालता येते. लपवायचे मात्र नाही. मूल झाले, नोकरी बदलली, पत्ता बदलला, सगळे कळवायचे.

तेहेतीस पूर्ण व्हायला थोरल्याला चार महिने होते. पाच गुण जाणार हे त्याला ठाऊक होते आणि तो पुण्यात एकटा दिवस मोजत बसला होता. आम्ही त्याला म्हटले, इंग्रजीची परीक्षा पुन्हा दे. वरची पायरी गाठलीस तर १० च्या जागी २० मिळतात. एखाद्या राज्याने शिफारस केली तर ५ वाढतात. आडभागात राहायची तयारी असेल तर १५, पण तो व्हिसा आधी पाच वर्षांचा असतो, कायमचा नंतर. जन्मतारीख काही हलायची नाही. हलवता येते ते हलवावे.

दुसऱ्या देशांच्या रांगा आणखी निराळ्या. अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची रांग मात्र आपल्या नोंदवहीसारखी तारखेनेच चालते. नोकरीवरून द्यायचे परवाने वर्षाला साधारण १,४०,०००, आणि त्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या आसपासची मर्यादा. मालदीव असो की भारत, मर्यादा तीच. त्यामुळे २०२५ मध्ये उच्च शिक्षितांच्या वर्गात भारतीयांच्या २०१३ च्या सुरुवातीच्या नोंदींना हात लागत होता. तिकडे नोकरी करणारी आपली कितीतरी मराठी कुटुंबे या रांगेत आहेत. मुले एकविसाची झाली की आईबापाच्या अर्जातून बाहेर पडतात आणि त्यांना आपली वाट वेगळी शोधावी लागते.

कॅनडाने तर २०१२ साली जुनी रांगच मोडली. २७ फेब्रुवारी २००८ च्या आधी कसबी कामगार म्हणून अर्ज केलेल्या आणि वर्षानुवर्षे वाट पाहत असलेल्या सुमारे २,८०,००० लोकांच्या बाबतीत सरकारने ठरवले की हे अर्ज बंद, फी परत. पैसे परत दिले हे खरे. त्या वर्षांचे काय? कोणी घर बांधले नसेल, कोणी बढती सोडली असेल. आणि २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ऑस्ट्रेलियाने सीमा मिटल्या तेव्हा व्हिसा हातात असलेलेही कितीतरी जण दीड वर्षाहून अधिक काळ घरी बसले.

जर्मनीचीही चर्चा गावोगाव झाली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांचा आकडा सांगितला गेला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कामे त्यात होती. आयटीआय झालेल्या पोरांच्या घरी आनंद झाला, तो योग्यच होता. पण दोन सरकारांचा करार म्हणजे आपल्या पोराचा व्हिसा नव्हे. मधे जर्मन भाषा शिकायची आहे, परीक्षा द्यायची आहे, मालक मिळायचा आहे. भाषेचा क्लास सुरू झाला म्हणून नांगर विकू नका.

थोडे ठकांबद्दल. वाट पाहणाऱ्याच्या घराचा पत्ता त्यांना बरोबर सापडतो. "वर ओळख आहे, पाळी पुढे घेतो" असे कोणी म्हणाला तर उठून त्याला बसस्टँड दाखवा. संगणकावरच्या खात्याचा पासवर्ड एजंटाच्या नाही, पोराच्या हातात हवा. आणि एक खूण लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलिया २०१५ पासून पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवत नाही. मंजुरीचे पत्र ई-मेलने येते आणि ते खरे की खोटे हे त्यांच्या सरकारच्या संगणकावर घरबसल्या पाहता येते. तिकडचा छान छापलेला व्हिसा पासपोर्टवर दाखवून कोणी उरलेले पैसे मागू लागला, तर तो कागद त्याने कुठे छापला ते पोलिसांना विचारू द्या.

आम्ही निघालो तेव्हा बाप ओसरीवर गप्प बसला होता. बाईच बोलल्या. "पोरगा मनात कुढत होता आन् आम्ही रान विकायला निघालो होतो." मग त्यांनी परतूरला फोन लावायला सांगितला. मुलीकडचे दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे बघू लागले होते, पण अजून कुठे जमले नव्हते. थोरल्याने या वेळी मुलीशी स्वतः बोलायचे कबूल केले. तिला जायचे आहे का, हेही अजून कोणी विचारलेले नाही. इसार घ्यायचे रद्द झाले. कालव्याखालच्या त्या दोन एकरांत यंदा धाकट्याने खोडवा राखला आहे.