आधी कागद सांभाळा

मी म्हसा गावात अंगणवाडी चालवते. नवऱ्यापासून सुटायचं ठरवलेल्या बाया मुलांना न्यायला आल्या की माझ्याजवळ बोलतात. त्यांना मी सांगते, घर सोडण्याआधी कागद सांभाळा. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, सोनाराच्या पावत्या, नवऱ्याच्या कमाईचा एखादा पुरावा. पोटगी ठरवताना कमाई बघतात. मारहाण होत असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका, निघा.

पंच स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन सोडचिठ्ठी देतात, याचा मला संताप येतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली, जुनी रूढी सिद्ध झाली नाही तर, घटस्फोट न्यायालयच देतं. त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर बाईवरच गुन्हा येऊ शकतो. (आमच्या ठाकूर-कातकरी बायांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यात रूढी चालते, त्यांनी तर वकिलाला आधीच विचारावं.)

माहेरी आलेल्या बाईला २००३पासून ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. उत्पन्न न बघता मोफत वकीलही मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे मागायचा. हे किती जणींना ठाऊक आहे? पौषात म्हसोबाच्या जत्रेला सगळा तालुका लोटतो. समितीने तिथे मांडव टाकावा आणि त्यात बाई वकील बसवावी.